मोटारसायकलचे पुढचे पाय

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी आणि मी मिळून त्यांच्या जुन्या मोटारसायकलचे पुढचे फोर्क उघडले. मी शाळेत गणित शिकवते, माझं वय एकोणपन्नास. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. आम्हा दोघांपैकी कुणीही तोवर फोर्क उघडलेला नव्हता.

गाडी आठ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. बाबांचे गुडघे गेले, हाताला कंप आला आणि मग एका सकाळी त्यांनी स्वतःच किल्ली आईकडे दिली. त्याआधी मात्र जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी तीच एक गाडी चालवली. लांज्यापासून संगमेश्वरापर्यंत कुठल्या वाडीत कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाचा खूर सुजला, की बाबा औषधांची पेटी मागे बांधून निघत. गाडीला ते लोखंड समजतच नसत. तिला ताप येई, तिचं पोट बिघडे, आणि पुढच्या चाकाला धरून ठेवणारे दोन फोर्क म्हणजे तिचे पुढचे पाय.

हे पुढचे पाय कायमचे दुखरे होते. खड्डा आला की गाडी धाडकन खाली बसायची आणि वर यायला कुरकुरायची. दोन्ही पायांतून तेल गळायचं. बाबा दर दोन-तीन वर्षांनी ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलून घेत आणि सहा महिन्यांत ते पुन्हा गळू लागे. ते म्हणत, म्हातारीचा स्वभाव आहे.

सप्टेंबरात मी एका गॅरेजवाल्याला गाडी बघायला घरी आणलं. तिथूनच सगळं सुरू झालं. मला ती चालू करून हवी होती. माझ्याकडे स्कूटर आहे, पण ही गाडी आपल्याला चालवता यावी असं लहानपणापासून वाटत होतं, आणि आता नाही तर कधी, असं त्या महिन्यात फार वाटू लागलं होतं. त्या माणसाने इंजिन ठीक आहे म्हटलं. मग पुढे बसून हँडल दोनदा दाबलं, हात पुसले आणि सांगितलं की याचे फोर्क संपलेत, सामान आता मिळत नाही, पडवीची जागा मोकळी करा. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. तो गेल्यावर त्यांनी ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढली. मग म्हणाले, "तपासल्याशिवाय रोगनिदान करतो हा."

मी म्हटलं, सुट्टीत आपण तपासू. हात माझे, डोकं तुमचं.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घालून त्यांच्या घरी हजर झाले. बाबा माझ्याआधी तयार होते. पडवीत त्यांनी वर्तमानपत्रं पसरली होती, त्यावर चौकोन आखून एक, दोन, तीन असे आकडे लाल पेनाने मोठे लिहिले होते. शस्त्रक्रियेत अवजारं जशी ओळीने मांडतात तसे सुटे भाग ओळीने मांडायचे, म्हणजे परत जाताना उलट्या क्रमाने जाता येतं. गणिताच्या बाईंना ही पद्धत फारच पसंत पडली.

इंजिनाखाली दोन जांभ्याचे चिरे सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. ब्रेकची केबल सोडवली, एक्सल काढला, चाक बाहेर आलं. मडगार्ड काढताना चार नटांपैकी तीन सुटले आणि चौथ्याने सबंध दुपार खाल्ली. बाबांना पाना हातात घेण्याचा मोह आवरेना. त्यांनी घेतलाही, पण हात थरथरला आणि पाना नटावरून दोनदा सरकला. तेव्हा त्यांनी तो निमूटपणे माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाई करू नको. आधी तेल पाज, मग चहा पिऊन ये." मी तसंच केलं. चहानंतर तो नट लोण्यासारखा सुटला. जनावराला इंजेक्शन दिल्यावर थांबतात तसं थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

फोर्कच्या तोंडावरची लोखंडी टोपी उघडताना मी फक्त एक चूक केली. आत स्प्रिंग दाबलेली असते हे बाबांनी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, तरी शेवटचा आटा सुटताना तोंड वरच धरलं. टोपी माझ्या कानाजवळून गेली, पडवीच्या कौलाला लागली आणि अंगणात आईच्या अबोलीत पडली. आई बाहेर आली, तिने अबोलीतून टोपी उचलली, फ्रॉकातली मुलगी असावी तसं माझ्याकडे पाहिलं आणि टोपी वर्तमानपत्रावर सात नंबरच्या चौकोनात ठेवून आत गेली. चौकोन बरोबर होता. ती सगळं बघत होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोर्क खाली ओढून काढले. आतून जे तेल निघालं त्याला तेल म्हणणं कठीण होतं. काळं, दाट आणि कुजलेल्या मासळीच्या वासाचं. रॉकेलने धुतल्यावर आतल्या दोन लांब पोलादी नळ्या चमकायला लागल्या. या नळ्यांवरच खालचा भाग वरखाली सरकतो, म्हणून त्या सरळ हव्यात. सरळ आहेत की नाही ते बघायला सपाट जागा लागते, आणि त्या घरात सपाट जागा एकच, स्वयंपाकघरातला ओटा.

आई ओट्यावर घावणे घालत होती. मी अर्धा ओटा मागितला. तिने पिठाचं पातेलं सरकवलं. मी नळी आडवी ठेवून हलकेच ढकलली. ती घरंगळली, पण लाटण्यासारखी नाही. अर्धा फेरा झाला की मधे उचलली जायची, खालून उजेड दिसायचा, पुन्हा टेकायची. दुसरीही तशीच. बाबा दारात उभे राहून पाहत होते. मी म्हटलं, बाबा, दोन्ही वाकलेल्या आहेत. ते म्हणाले, "त्या बिबट्यामुळे असेल."

बिबट्याची गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. लग्न ठरायच्या आधी बाबा आईला बघायला तिच्या माहेरी निघाले होते. पावसच्या पुढे आतल्या बाजूला तिचं गाव. उतारावर वळणाशी बिबट्या आडवा आला. बाबांनी ब्रेक मारला, गाडी घसरून आडवी पडली, हनुवटी फुटली. बिबट्या दहा हातांवर उभा राहून त्यांच्याकडे पाहत राहिला. बाबांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, मग तो शेपटी हलवून रानात गेला. हनुवटीवरचा व्रण अजून आहे. मी ही गोष्ट माझ्या मुलाला सांगितली, वर्गातही दोनदा सांगितली असेल. माझे आजोबा, आईचे वडील, तर ती सबंध पंचक्रोशीला सांगत आणि प्रत्येक वेळी बिबट्या हातभर वाढे.

नळ्या सरळ करायला आम्ही मिरकरवाड्यात गेलो. बंदराजवळ एका चाचांचं लेथचं वर्कशॉप आहे. होड्यांच्या पंख्याचे दांडे वाकले की तेच सरळ करतात. मोटारसायकलचं काम त्यांच्याकडे कुणी आणत नाही, पण बाबांनी कधीकाळी त्यांच्या शेळ्यांवर उपचार केले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसले, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या नळ्या छातीशी धरून.

चाचा सत्तरीचे असतील. कपाळावर चष्मा, बोटांची नखं काळी. त्यांनी नळी दोन आधारांवर ठेवली, फिरवली, खडूने खूण केली. दुसरी ठेवली, पुन्हा खूण. मग दोन्ही शेजारी धरून चष्मा डोळ्यांवर घेतला.

"डॉक्टर, या एकदा वाकून सरळ केलेल्या आहेत. भट्टीवर तापवून. बघा, इथे ठोकल्याच्या खुणा."

बाबा म्हणाले, हो, फार जुनी गोष्ट, तेव्हा गावातल्या लोहाराकडून करून घेतल्या होत्या. आणि त्यांनी बिबट्याची गोष्ट सुरू केली. चाचांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, अगदी शेपटीपर्यंत. मग त्यांनी मान हलवली.

"आडवी पडलेली गाडी अशी वाकत नाय. एक नळी वाकते, तीपण बाजूला. या दोन्ही सारख्याच मागे गेल्यात. ही गाडी समोरून ठोकलेली आहे. भिंतीवर नायतर झाडावर."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा दुकानात टेकवून ठेवलेल्या एका मोठ्या पंख्याकडे वळले होते आणि त्याची पाती मोजत होते. पाती तीनच होती, तरी त्यांना बराच वेळ लागला.

चाचांनी काम दोन दिवसांत केलं. नळ्या तापवल्या नाहीत, प्रेसवर थोडं थोडं दाबत सरळ केल्या. आतले बुश, म्हणजे नळी सरकते ती धातूची अस्तरं, झिजले होते, ते त्यांनी होडीच्या एका जुन्या गनमेटलच्या बुशातून कातून दिले. ऑइल सीलचं सामान मिळत नाही असं जे गॅरेजवाला म्हणाला होता, त्यावर त्यांनी माप घेतलं, मागे जाऊन एक डबा उपसला आणि होडीच्या पाण्याच्या पंपाची सीलं आणली. अगदी बरोबर बसली. माप ते माप, ते म्हणाले, सीलाला काय माहीत आपण समुद्रात आहोत की रस्त्यावर.

पण त्या पहिल्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा माझ्या डोक्यात सील नव्हतं, भिंत होती. जेवताना मी विषय काढला. चाचा काय म्हणाले ते आईला जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले की तो लेथवाला आहे, त्याला होड्यांतलं कळतं. मी म्हटलं, त्यांनी खुणा दाखवल्या. बाबा म्हणाले, भात वाढ.

आईने भात वाढला. आमटी वाढली. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "गडग्यावर आपटले ते."

गडगा म्हणजे चिरे नुसते एकावर एक रचून घातलेलं कुंपण. आजोळच्या आवाराला असा गडगा होता, तो मला चांगला आठवतो.

बाबांचा घास हातातच राहिला. आई शांतपणे बोलत होती. बघायला येणारी मंडळी दुपारी चारला यायची होती. मे महिना होता, कोकमाचे रातांबे पिकले होते. घरात सगळी लगबग, हिला, म्हणजे आईला, कंटाळा आला, म्हणून ही जेवणं झाल्यावर साडीचा काष्टा मारून फाटकाजवळच्या रातांब्याच्या झाडावर चढली. आणि तीन वाजताच लांबून मोटारसायकल आली. हिला उतरायला वेळच मिळाला नाही. फांदी हलली, गाडीवरच्या माणसाने वर पाहिलं, आणि वर बघत बघतच तो सरळ गडग्यात शिरला. दहा-बारा चिरे खाली आले. ही झाडाच्या पलीकडच्या अंगाने घसरत उतरली आणि मागच्या दाराने आत पळाली. आतून ऐकते तर बाहेर ओटीवर बिबट्याची गोष्ट चालू होती. हनुवटीतून रक्त वाहतंय आणि मुलगा सांगतोय, मागच्या उतारावर जनावर आडवं आलं, हँडल वाकडं झालं, म्हणून तुमच्या गडग्यालाही जरा घासली.

"माझ्या वडिलांना असा जावई बघताक्षणीच हवासा झाला," आई म्हणाली. "वाघाला सामोरा गेलेला. मी काय बोलणार? बोलले असते तर मी झाडावर काय करत होते ते सांगावं लागलं असतं."

मी हसायला लागले, पण बाबा हसत नव्हते. ते आईकडे अगदी वेगळ्याच नजरेने पाहत होते. मग त्यांनी घास पानात ठेवला.

"म्हणजे तू मला आपटताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि एवढी वर्षं ऐकून घेतलंस?"

"चांगली सांगता तुम्ही," आई म्हणाली.

बाबांनी पानातला भात बोटांनी सारखा केला. मग हळूच म्हणाले, "तू चहा घेऊन आलीस तेव्हा तुझे हात लाल होते. कोपरापर्यंत. मला तेव्हाच कळलं होतं झाडावर कोण होतं ते."

आता थक्क व्हायची पाळी आईची होती. रातांब्याचा डाग आठ दिवस जात नाही, हे तिला ठाऊक होतं. हात घासूनही निघाला नव्हता, म्हणून तिने पदराखाली झाकून ट्रे धरला होता. झाकलं गेलं असंच ती पन्नास वर्षं समजून होती. बाबा समजत होते की ती त्यांना पाहून आधीच पळाली, आपटणं तिने पाहिलंच नाही. एकाच घरात, पानाला पान लावून बसून दोघांनी एकमेकांचं गुपित सांभाळलं होतं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं गुपित मुळापासून ठाऊक होतं.

आई आधी हसली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, खांदे हलवत. मग बाबा सुटले. त्यांना ठसका लागला, मी उठून पाणी दिलं, पाणी पिता पिता पुन्हा सुटले. त्या दिवशी ताक कुणी घेतलंच नाही. ते भांड्यात तसंच राहिलं.

त्यानंतर कामाचा रंगच बदलला. आई पडवीत येऊन बसू लागली. नळ्या आणि बुश घेऊन आल्यावर आम्ही वर्तमानपत्रावरचे आकडे उलटे मोजायला लागलो. तेरा, बारा, अकरा. फोर्कमध्ये नवं तेल दोन्हीकडे अगदी सारखं जायला हवं. एका पायात जास्त, एकात कमी असं चालत नाही. मी मापाचा डबा शोधत होते, तेवढ्यात बाबा आत जाऊन त्यांची जुनी मोठी सिरिंज घेऊन आले. म्हशींना सलाईनमधून औषध देताना वापरत ती, काचेची, मनगटाएवढी जाड. तिच्यावरच्या रेघा अजून स्पष्ट होत्या. तेल ओढायचं, रेघ बघायची, नळीत सोडायचं. हे काम त्यांनी स्वतः केलं. सिरिंज हातात आल्यावर त्यांचा हात थरथरला नाही. मी ते पाहिलं, आईनेही पाहिलं.

सगळं जोडून झालं. चाक बसवलं, चिरे काढले, गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. मी हँडल दाबलं. डाव्या पायातून तेलाची बारीक धार आली आणि माझ्या चपलेवर पडली.

डाव्या बाजूचं सील मी उलटं बसवलं होतं. तोंड वर हवं की खाली, यावर बाबांनी मला दोनदा सांगितलं होतं, दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी. दोष कुणाचा यावर आमचं दहा मिनिटं बोलणं झालं. आईने निकाल दिला की जे बरोबर बसलंय ते बघून दुसरं तसंच बसवा. हा विचार आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. पहिल्यांदा फोर्क उघडायला दीड दिवस लागला होता. दुसऱ्यांदा दीड तासात उघडून, सील फिरवून, तेल भरून पुन्हा बंद केला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी हात न धुता सगळ्यांना लाडू वाढायला गेले आणि आईने मला परत पाठवलं.

या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. दोन संध्याकाळ मी अंगणात फेऱ्या मारल्या आणि थांबायचं म्हणून चारदा गिअर टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर जायचं ठरलं. मागे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता, आई आधीच स्टूल घेऊन आली होती. स्टुलावर चढून ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझ्या कमरेला हात घातला. बाबा फाटकापर्यंत बाजूने चालत आले, कान पुढच्या चाकाकडे लावून.

आम्ही नाचणे गावाच्या रस्त्याने वर जाऊन परत आलो. खड्डे सगळे होते तिथेच होते. गाडी प्रत्येक खड्ड्यात वाकायची आणि सावकाश, न कुरकुरता वर यायची. जशी शहाणी म्हैस पाण्यात उतरते आणि बाहेर येते. परत आलो तेव्हा बाबा फाटकाशीच उभे होते. मला विचारायचं सोडून त्यांनी आईला विचारलं, पुढचे पाय कसे आहेत.

"पोटातलं पाणी हललं नाही," आई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग टोपी मागवली. आई उतरते न उतरते तोच ते तिच्या जागी बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाडीच्या पुलावरून भाट्याच्या बाजूला घे म्हणाले. आयुष्यभर ही गाडी त्यांनी पुढे बसून चालवलेली. मागच्या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो असं ते दोनदा म्हणाले. पुलावर वारा होता, खाडीत होड्या परतत होत्या. पूल संपल्यावर एक चांगला उंच स्पीडब्रेकर आहे. मी वेग कमी केला, गाडी अलगद चढली, अलगद उतरली.

बाबा माझ्या कानाशी वाकले.

"बाय, परत एकदा घे."

मी गाडी वळवली. आम्ही त्या स्पीडब्रेकरवरून उलट गेलो, मग पुन्हा सुलट, मग पुन्हा उलट. टपरीवर चहा घेणारे दोघे-तिघे आमच्याकडे बघत होते. पाचव्या वेळी त्यांच्यातल्या एकाने काही हरवलंय का म्हणून विचारलं. बाबांनी हात हलवून नाही म्हटलं आणि माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, म्हणजे अजून एकदा.